जमिनीतून निघालेली फौजी बटणे : खरी की नकली?

ब्रिटिश फौजेची पितळी बटणे व बिल्ले ‘जुन्या छावणीच्या जमिनीतून निघाले’ असे सांगून कोणी विकायला आणले, तर व्यापारी बांधवांनी प्रथम माल उलटा करून पाहावा. कापडाप्रमाणे येथेही खरी पारख मागच्या बाजूने होते.

अस्सल बटण ठशाने दाबलेले असते. पुढचा पातळ पत्रा मागच्या चकतीवर दुमडलेला असतो. मागे बहुधा कारखानदाराचे नाव आणि लंडन किंवा बर्मिंगहॅम हे शब्द असतात. नकली माल साच्यात ओततात. त्यामुळे अक्षरे बोथट होतात, बारीक छिद्रे पडतात, कडेला साच्याची रेघ राहते. मात्र फौजेतले काही बिल्ले हिंदुस्थानातच ओतलेले असत. म्हणून एकाच खुणेवर निकाल देऊ नये.

दुसरी खूण मुकुटाची. १९०१ ते १९५२ या काळातील मुकुटाची कमान गोल आहे. एलिझाबेथ राणीच्या मुकुटाची कमान मध्ये दबलेली आहे. असा मुकुट असलेला माल १९१४ च्या लढाईचा असू शकत नाही.

तिसरी खूण गंजाची. जमिनीतला हिरवा थर कठीण असतो. तेजाबाने आणलेला रंग पुष्कळदा ओल्या फडक्याने सुटतो.

माल खरा निघाला तरी कायदा पाहावा. १८७८ च्या कायद्याप्रमाणे जमिनीत सापडलेला दहा रुपयांवरील ठेवा कलेक्टरला कळवावा लागतो. शंभर वर्षांवरील पुराणवस्तूंच्या व्यापाराला १९७२ च्या कायद्याने परवाना लागतो. खोट्या मालात भांडवल बुडते, खऱ्यात बेसावधपणा नडतो.