रिपोर्ट नॉर्मल, मग थकवा कसला?

बेडकाच्या पिल्लांना घोड्याच्या थायरॉईडचे तुकडे खायला घालावेत, असं कुणाच्या डोक्यात कसं आलं असेल? फ्रेडरिक गुडरनात्श या शास्त्रज्ञाच्या डोक्यात आलं, आणि १९१२ साली त्याने आपला प्रयोग प्रसिद्ध केला. काही बेडूकमाशांना एका अवयवाचे तुकडे, काहींना दुसऱ्या, असा साधा बेत. ज्यांच्या वाट्याला थायरॉईड आली त्यांची वाढ खुंटली, पण शेपटी झडली, पाय फुटले आणि वेळ व्हायच्या कितीतरी आधी त्यांचे इवलेसे बेडूक झाले. पुढे इतरांनी उलटं करून पाहिलं. बेडूकमाशाची थायरॉईडच काढून टाकली. तो वाढत राहिला, चांगला गलेलठ्ठ झाला, पण बेडूक काही झाला नाही.

आता तुमच्या ओळखीतल्या त्या मावशी आठवा, ज्या रोज सकाळी चहाच्या आधी एक बारीकशी गोळी घेतात. शेपटी गाळायला लावणारं तेच रसायन त्या गोळीत असतं. थायरॉक्सिन! बेडकाच्या आणि माणसाच्या थायरॉक्सिनमध्ये एका अणूचाही फरक नाही.

आपल्याला शेपटी गाळायची नाही, मग हे रसायन आपल्यात करतं तरी काय? घरोघरी मिळणारं उत्तर म्हणजे वजन. खरं तर वजन हा या गोष्टीतला किरकोळ भाग आहे. हा हार्मोन पेशीच्या केंद्रकात शिरतो, तिथे डीएनएवर ठाण मांडून बसलेल्या एका प्रथिनाला चिकटतो आणि कुठली जनुकं कामाला लागणार ते ठरवतो. गंमत पुढेच आहे. हार्मोन आला नाही, तर ते प्रथिन स्वस्थ बसत नाही. आपल्या ताब्यातली जनुकं ते दाबून धरतं. हार्मोन कमी पडला की शरीराच्या कानाकोपऱ्यात अशी मनाई जारी होते.

आणि कानाकोपऱ्यात म्हणजे खरोखरच. हे प्रथिन जवळजवळ प्रत्येक पेशीत असतं, म्हणून तर तक्रारींची यादी इतकी विचित्र असते. केस गळतात, त्वचा कोरडी पडते, पोट साफ होत नाही, पाळीत अंगावरून जास्त जातं, आवाज घोगरा होतो, नाडी मंदावते, कोलेस्टेरॉल चढतं, भुवयांची बाहेरची टोकं विरळ होतात, हाताला मुंग्या येतात. माणूस एकेक तक्रार घेऊन एकेका डॉक्टरचा जिना चढतो, आणि सगळ्यांचं मूळ एकच आहे हे लवकर कुणाच्या लक्षात येत नाही.

रक्ततपासण्या नव्हत्या तेव्हा डॉक्टर रबरी हातोडी काढत. पेशंटला खुर्चीवर गुडघे टेकवून बसवायचं, पावलं मागे मोकळी लोंबती ठेवायची आणि टाचेच्या वरच्या जाड शिरेवर हलकेच ठोकायचं. पाऊल झटका देतं. तो सगळ्यांचंच देतं. बघायचं असतं पाऊल परत कसं येतं ते. थायरॉईड मंद असेल, तर ते इतकं सावकाश जागेवर येतं की शेजारी उभ्या नातेवाइकालाही फरक दिसावा. रक्तातला तुटवडा नुसत्या डोळ्यांनी!

ही करामत करणारी ग्रंथी केवढी? आरशासमोर मान किंचित वर करा आणि घोटभर पाणी गिळा. कंठमण्याच्या खाली जे वरखाली सरकतं, त्यात तीही असते. वजन जेमतेम १५ ते २० ग्रॅम. रोजचं उत्पादन सुमारे १०० मायक्रोग्रॅम, आणि मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहालाखावा भाग. सत्तर वर्षांचा हिशेब मांडला तर बेरीज होते अडीच ग्रॅम. अर्धा चमचा साखर भरेल एवढ्या ऐवजावर आपलं अख्खं आयुष्य चालतं! शिवाय ही ग्रंथी साठेबाजसुद्धा आहे. दोन-तीन महिने पुरेल इतका हार्मोन ती आपल्याच पोटात राखून ठेवते. दुसरी कुठलीही हार्मोनग्रंथी एवढा साठा करत नाही.

साठा का करावा लागतो? कारण कच्चा माल बेभरवशाचा. थायरॉक्सिनच्या प्रत्येक रेणूत आयोडीनचे चार अणू लागतात आणि आयोडीन मुख्यतः समुद्रात. डोंगराळ मुलखातल्या मातीतून पाऊस आणि बर्फ ते धुऊन नेतात. मोठ्या माणसाची रोजची गरज फक्त १५० मायक्रोग्रॅम, पण तेवढंही मिळालं नाही की ग्रंथी रक्तातून असेल नसेल ते ओढून घेण्यासाठी फुगत जाते. हाच गलगंड. हिमालयाच्या पायथ्याशी तो पिढ्यान्‌पिढ्या होता.

डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि सहकाऱ्यांनी १९५६पासून आजच्या हिमाचलातल्या कांगडा खोऱ्यात सुमारे एक लाख लोकवस्तीचे तीन भाग पाडले. दोन भागांना आयोडीन मिसळलेलं मीठ, एकाला साधं. सहा वर्षांत आयोडीनवाल्या भागांतला गलगंड निम्म्यावर किंवा त्याच्याही खाली आला, साध्या मिठाच्या भागात होता तिथेच राहिला. मग त्यांनाही आयोडीन दिलं गेलं. १९६२ साली राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. या प्रयोगावरच्या १९७३च्या शोधनिबंधाच्या लेखकांत देव आणि करमरकर ही आडनावं वाचून आपल्याला उगाचच बरं वाटतं. तुमच्या डब्यातल्या मिठाची पाळंमुळं अशी कांगड्याला पोचतात.

मीठ बदललं म्हणजे थायरॉईडचा प्रश्न सुटला का? नाही. आज शहरात ज्यांना ‘थायरॉईड निघाला’ म्हणतात, त्यांच्यातल्या पुष्कळांच्या आयोडीनला काही झालेलं नसतं. त्यांची स्वतःची प्रतिकारशक्ती ग्रंथीवर उलटलेली असते. हे प्रथम पाहिलं जपानच्या हाकारू हाशिमोतो या तरुण सर्जनने. चार बायकांच्या काढलेल्या ग्रंथी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवल्या, तर त्या पांढऱ्या पेशींनी खच्चून भरलेल्या. त्याने ते जर्मन भाषेत छापलं, तेही १९१२ सालीच, बेडूकमाशांच्याच वर्षी! पुढे तो गावी परतला, घरचा दवाखाना चालवला आणि १९३४मध्ये विषमज्वराने गेला. त्याच्या रोगामागची अँटिबॉडी लंडनमध्ये सापडली १९५६ साली. पुरुषांपेक्षा बायकांना हा आजार कितीतरी पटीने जास्त होतो.

औषध मात्र हाशिमोतोच्याही आधीचं आहे. १८९१ साली इंग्लंडमधल्या न्यूकॅसलच्या जॉर्ज मरेने ४६ वर्षांच्या एका बाईला मेंढीच्या थायरॉईडचा अर्क टोचला. सुजलेली, सुस्तावलेली बाई हिंडूफिरू लागली आणि ७४व्या वर्षापर्यंत जगली. त्यासाठी ८७०हून जास्त मेंढ्यांच्या ग्रंथी लागल्या. एका डॉक्टरने तर पुढच्याच वर्षी आठवड्यातून एकदा अर्धी थायरॉईड हलकी परतून जेलीबरोबर खायला दिली होती. आपल्याला गोळी मिळते, हे नशीबच!

आता मूळ प्रश्नाकडे. गोळी चालू आहे, टीएसएच, म्हणजे थायरॉईडला कामाला लावणाऱ्या हार्मोनचं रक्तातलं माप, नॉर्मल आलं आहे, आणि तरी दुपारी तीनला डोळे मिटतात, डोकं जड असतं, केस न्हाणीघराच्या जाळीत अडकतात. असं किती जणांचं होतं? अंदाज ५ टक्क्यांपासून १५ टक्क्यांपर्यंत जातात. त्यांना बरेचदा ऐकावं लागतं, ‘मनाचे खेळ आहेत.’ माझं मत विचाराल तर, हे म्हणण्याआधी शरीरातलं दळण पाहून घ्यावं.

दळण कसलं? १९५२ साली लंडनच्या रोझालिंड पिट-रिव्हर्स आणि जॅक ग्रॉस यांना रक्तात एक दुसरा हार्मोन सापडला. आयोडीनचे तीनच अणू, म्हणून टी-थ्री. थायरॉक्सिन म्हणजे टी-फोर. हळूहळू कळलं की खरं काम करतो तो टी-थ्रीच. टी-फोर हा नुसता गहू. ग्रंथी मुख्यतः घरोघर गहू पाठवते, आणि प्रत्येक अवयव आपल्या घरघंटीत एक अणू काढून टाकून त्याचं पीठ करतो. घरघंटी म्हणजे एक एन्झाइम, ज्यात सेलेनियम हे मूलद्रव्य असतं. शरीरातलं साधारण ८० टक्के पीठ असं बाहेर दळलं जातं. उरलेलं ग्रंथी स्वतः तयार पाठवते.

गोळी घेणाऱ्याला काय मिळतं? फक्त गहू. ज्याची ग्रंथी काढून टाकली आहे किंवा पार निकामी झाली आहे, त्याला तयार पिठाचा तो हिस्सा मिळतच नाही. बहुतेकांच्या घरघंट्या ही तूट भरून काढतात. पण गहू जास्त आला की अनेक अवयवांतली घरघंटी आपोआप मंदावते, कारण टी-फोरच त्या एन्झाइमवर ‘मोडीत काढा’ असा शिक्का मारवतो. मेंदूच्या तळाशी, टीएसएचवर देखरेख करणाऱ्या भागात मात्र हा शिक्का फारसा चालत नाही. तिथली घरघंटी जोमात सुरू राहते. प्राण्यांवरच्या प्रयोगांत हे दिसलं आहे. थायरॉईड काढलेल्या उंदरांना नुसता टी-फोर दिला, तर टीएसएच ठीक होऊनही काही अवयवांतला टी-थ्री पुरता भरून आला नाही.

म्हणजे देखरेख करणाऱ्याच्या घरी पीठ भरपूर, तो वर कळवतो की गाव सुखात आहे. आणि आपण त्याचाच रिपोर्ट हातात धरून बसतो!

तरीही टीएसएचला नावं ठेवायची नाहीत. इतकी संवेदनशील तपासणी दुर्मीळ. रक्तातला टी-फोर निम्म्यावर आला तर टीएसएच सुमारे शंभरपट चढू शकतं. फक्त त्याला वेळ द्यावा लागतो. टी-फोर रक्तात अर्धा व्हायला आठवडा घेतो, म्हणून डोस बदलल्यावर सहा आठवडे थांबून तपासायचं. दहा दिवसांत ‘काही फरक नाही’ म्हणून गोळी सोडणाऱ्यांनी हे जरूर ध्यानात घ्यावं.

मग गोळीतच टी-थ्री मिसळला तर? १९९९ साली एका छोट्या अभ्यासात रुग्णांना बरं वाटलं आणि मोठी खळबळ उडाली. नंतरच्या बहुतेक चाचण्यांत मात्र दोन्ही गट सारखेच निघाले, तरी काही रुग्णांना मिश्रणच आवडलं. शिवाय टी-थ्री झरझर चढतो, झरझर उतरतो, छातीत धडधड होऊ शकते. त्यामुळे हा प्रयोग डॉक्टरांच्या नजरेखालीच करायचा.

आणि कित्येकदा दोष थायरॉईडचा नसतोच. ज्यांची प्रतिकारशक्ती थायरॉईडवर उलटते, त्यांच्यात ती जठरावरही उलटण्याचा धोका जास्त, मग बी-१२ उतरतं. पाळीत रक्त जाऊन लोह कमी झालेलं असतं. रात्री घोरताना श्वास अडत असतो. रजोनिवृत्ती जवळ आलेली असते. हे सगळं थकव्याच्याच रूपात येतं, आणि आधीपासून हाताशी असलेल्या थायरॉईडवर खापर फुटतं. काहींची गोळी चहा, कॅल्शियम किंवा लोहाच्या गोळीबरोबर पोटात जाते आणि धड शोषलीच जात नाही. ती रिकाम्या पोटी पाण्याबरोबर घ्यायची, आणि कॅल्शियम-लोहात चार तासांचं अंतर ठेवायचं.

सगळ्यात चमत्कारिक सापळा केसांच्या गोळ्यांचा. केस गळतात म्हणून लोक बायोटिन घेतात. अनेक लॅबमधली थायरॉईडची तपासणी बायोटिनच्याच चिकटपणावर बेतलेली असते. रक्तात ते भरपूर असलं की यंत्र फसतं, टीएसएच खोटं कमी आणि टी-फोर खोटा जास्त दाखवतं. ज्याला हार्मोन कमी पडतो आहे, त्याच्याच कागदावर तो जास्त झाल्याचं छापून येतं, आणि डोस उतरवला जातो! म्हणून रक्त द्यायच्या किमान दोन दिवस आधी बायोटिन बंद ठेवा, आणि डॉक्टरांनी ‘आणखी काय घेता?’ विचारलं की केसांच्या गोळीचं नावही सांगा.