सतराव्या शतकातील इंग्लंडच्या आरमाराचे मनुष्यबळ व रसद : एक विवेचन

प्रस्तावना :

आरमाराचा इतिहास सामान्यतः सेनानी, लढाया आणि तह यांच्या अंगाने लिहिला जातो. परंतु युद्धनौका समुद्रात जाण्यापूर्वी तिच्यासाठी माणसे मिळवावी लागतात, त्यांच्या अन्नाची तरतूद करावी लागते आणि ती परतल्यानंतर त्यांचे वेतन चुकते करावे लागते. सतराव्या शतकात इंग्लंडचे आरमार राजाच्या मोजक्या जहाजांच्या ताफ्यापासून स्थायी स्वरूपाच्या राष्ट्रीय दलापर्यंत वाढले. १६५२-५४, १६६५-६७ व १६७२-७४ अशी तीन युद्धे ते डचांशी लढले. या वाढीबरोबर मनुष्यबळ व रसद यांचा प्रश्न अधिकाधिक बिकट होत गेला. हा प्रश्न कोणत्या मार्गांनी सोडविला गेला आणि त्यातील अपयशाची किंमत कोणाला मोजावी लागली, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

खलाशांची भरती :

पहिल्या प्रतीच्या मोठ्या युद्धनौकेवर सहाशे ते आठशे माणसे लागत. शांततेच्या काळात बहुतेक जहाजे नांगरून ठेवली जात व खलाशी व्यापारी जहाजांवर, कोळसावाहू गलबतांवर किंवा मासेमारीवर निर्वाह करीत. त्यामुळे युद्ध सुरू होताच हजारो अनुभवी माणसे एकाच वेळी मिळवावी लागत. व्यापारी जहाजांवरील वेतन युद्धकाळात वाढत असे. शासनाचे वेतन मात्र ठरलेले असे. स्वखुशीने येणाऱ्यांची संख्या साहजिकच अपुरी पडे.

ही तूट सक्तीच्या भरतीने भरून काढली जाई. समुद्रावर निर्वाह करणाऱ्या माणसाला सेवेस बोलाविण्याचा राजाचा परंपरागत अधिकार हा या भरतीचा आधार होता. हातावर एक शिलिंग ठेवला की तो माणूस आरमाराचा झाला असे मानले जाई. गरज वाढली की भरती करणाऱ्या टोळ्या टेम्स नदीवरील नावाड्यांना आणि समुद्राशी संबंध नसलेल्या माणसांनाही पकडून नेत. आरमार कार्यालयातील अधिकारी सॅम्युएल पेपिस याने १६६६ च्या जुलै महिन्यातील आपल्या रोजनिशीत, पकडून नेलेल्या पतींना शोधत आक्रोश करणाऱ्या स्त्रियांचे दृश्य नोंदविले आहे. ज्या व्यवस्थेचा तो स्वतः घटक होता, तिची ही निर्दयता त्यालाही अस्वस्थ करून गेली.

वेतन आणि वेतनपत्रे :

१६५३ मध्ये अनुभवी खलाशाचे वेतन दर २८ दिवसांच्या महिन्यास २४ शिलिंग असे ठरविण्यात आले. तत्कालीन मानाने हा दर वाईट नव्हता. मात्र तो पुढे १७९७ पर्यंत, म्हणजे जवळजवळ दीड शतक, बदलला नाही. खरी अडचण दरापेक्षा वेतन मिळण्याच्या पद्धतीत होती. जहाज मोहिमेवरून परत येऊन सेवामुक्त होईपर्यंत वेतन दिले जात नसे. खजिन्यात पैसा नसेल तर खलाशाच्या हाती रोख रकमेऐवजी वेतनपत्र पडे. ते लंडनमधील आरमार कार्यालयात वटवावे लागे. पोर्ट्समथ किंवा चॅटम येथे उतरलेल्या खलाशाजवळ लंडनला जाऊन अनिश्चित काळ थांबण्याइतका पैसा नसे. मग तो ते पत्र खानावळवाल्यास किंवा दलालास मिळेल त्या किमतीला विकून टाकी. अशा रीतीने राज्याच्या विलंबाचा भुर्दंड खलाशाच्या खिशातून वसूल होई आणि त्यातील नफा मध्यस्थाच्या पदरी पडे.

शिधा व त्याची तरतूद :

आरमाराच्या शिध्याचे सविस्तर चित्र १६७७ च्या कंत्राटातून मिळते. त्यानुसार प्रत्येक खलाशास रोज १ पौंड गव्हाची कडक बिस्किटे व १ गॅलन बिअर मिळावयाची होती. आठवड्यातील चार दिवस २ पौंड खारवलेले गोमांस. त्यांपैकी दोन दिवस त्याऐवजी १ पौंड डुकराचे मांस व वाटाणे देता येत. उरलेल्या तीन दिवशी सुकी मासळी, २ औंस लोणी व ४ औंस चीज असे. कंत्राटात मासळीची लांबीदेखील इंचांत नमूद केलेली होती. हा तपशील केवळ काटेकोरपणाचा द्योतक नाही. पूर्वी किती ठिकाणी फसवणूक झाली असावी, याचाही तो अप्रत्यक्ष पुरावा आहे. दक्षिणेकडील उष्ण समुद्रात जाणाऱ्या जहाजांसाठी तांदूळ, तेल, मनुका व मद्य असे पर्याय ठरविलेले होते.

या प्रमाणाचा अर्थ एका उदाहरणाने स्पष्ट होईल. ७०० माणसांच्या जहाजास २८ दिवसांसाठी १९,६०० पौंड, म्हणजे सुमारे ९ टन बिस्किटे आणि तितकेच गॅलन, म्हणजे सुमारे ७४ हजार लिटर बिअर लागे. पाणी पिंपात लवकर खराब होत असल्याने बिअर हेच नित्याचे पेय होते. तीही चांगल्या प्रतीची नसेल किंवा पिंपे ओल्या लाकडाची असतील, तर आंबून अथवा गळून जाई. मांस थंडीच्या दिवसांतच खारवावे लागे. उन्हाळ्यात ते टिकत नसे. म्हणजेच उन्हाळ्यातील मोहिमेच्या शिध्यासाठी पैसा आदल्या शरद ऋतूतच हाती असणे आवश्यक होते. तो वसंतात मिळाला तर हंगाम निघून गेलेला असे.

१६६० पासून या पुरवठ्याचे कंत्राट डेनिस गॉडन याच्याकडे होते. शासन त्याचे पैसे वेळेवर देत नसे. तो स्वतःच्या पतीवर धान्य व मांस उचली आणि पत संपली की पुरवठा थांबे. १६६५ मध्ये पेपिसची पुरवठ्याच्या देखरेखीसाठी नेमणूक झाली. त्याने बंदरोबंदरी तपासणीची व्यवस्था बसविली; परंतु पैशाचा अभाव तपासणीने भरून निघणारा नव्हता. अखेर १६८३ मध्ये कंत्राट पद्धती बाजूस सारून पुरवठ्यासाठी शासकीय आयुक्तांचे मंडळ नेमण्यात आले.

जहाजावर शिध्याचा हिशेब कोठावळ्याकडे असे. त्याचे अधिकृत उत्पन्न तुटपुंजे असल्याने मेलेल्या वा पळून गेलेल्या माणसांची नावे हजेरीपटावर ठेवून त्यांचा शिधा उचलण्याचा मोह त्यास पडे. या गैरव्यवहाराचे मूळ व्यक्तीच्या स्वभावाइतकेच वेतनरचनेतही होते.

आजारी व जखमी :

१५९० मध्ये चॅटम येथे जखमी खलाशांसाठी एक निधी स्थापन झाला होता. त्यासाठी प्रत्येकाच्या वेतनातून दरमहा ६ पेन्स कापले जात. दुसऱ्या डच युद्धाच्या तोंडावर, १६६४ मध्ये, आजारी व जखमी खलाशी आणि युद्धकैदी यांच्यासाठी आयुक्त नेमण्यात आले. जॉन एव्हलिन हा त्यांपैकी एक. रुग्णांना किनाऱ्यावरील खासगी घरांत ठेवले जाई. घरमालकांचे पैसे थकले की रुग्णांना ठेवून घेण्यास कोणी तयार होत नसे. एव्हलिनला निधीसाठी वारंवार याचना करावी लागली.

मेडवेचा धडा :

या सर्व उणिवा १६६७ मध्ये एकत्र आल्या. संसदेने १६६४ मध्ये युद्धासाठी २५ लाख पौंड मंजूर केले होते; तरी ते पुरले नाहीत. १६६५ ची प्लेगची साथ व १६६६ ची लंडनची आग यांमुळे महसूल आणि कर्ज दोन्ही आटले. परिणामी १६६७ च्या उन्हाळ्यात मोठ्या युद्धनौका सज्ज न करता चॅटमजवळ नांगरून ठेवाव्या लागल्या. जून महिन्यात डच आरमार मेडवे नदीत शिरले, नदीवरील साखळी ओलांडून त्याने अनेक जहाजे जाळली आणि ज्या ‘रॉयल चार्ल्स’ नौकेतून दुसरा चार्ल्स १६६० मध्ये मायदेशी परतला होता, ती ओढून नेली. गोदीतील कामगारांचे वेतन थकलेले होते. अनेकजण संकटसमयी कामावर आलेच नाहीत. डच जहाजांवर इंग्रज खलाशीही होते. आजवर वेतनपत्रांसाठी लढलो, आता रोख पैशासाठी लढतो, अशा आशयाचे त्यांचे उद्गार पेपिसने नोंदविले आहेत.

मुंबईशी असलेला संबंध :

रसदीच्या दुरवस्थेचा एक प्रसंग कोकण किनाऱ्याशी निगडित आहे. १६६१ च्या विवाह करारानुसार मुंबई बेट दुसऱ्या चार्ल्सला मिळाले. ते ताब्यात घेण्यासाठी अर्ल ऑफ मार्लबरोच्या नेतृत्वाखाली पाच जहाजे व सर अब्राहम शिपमनसह सुमारे चारशे सैनिक १६६२ मध्ये आले. पोर्तुगीज अधिकाऱ्यांनी ताबा नाकारल्याने जहाजे परतली आणि सैनिक कारवारजवळील अंजदीव बेटावर अडकून पडले. निवारा व योग्य अन्न यांच्या अभावी रोगराईने शिपमनसह बहुसंख्य माणसे दगावली. १६६५ मध्ये हम्फ्रे कुकने मुंबईचा ताबा घेतला, तेव्हा शंभराच्या आसपासच उरली होती.

निष्कर्ष :

उपरोक्त विवेचनावरून असे दिसते की, सतराव्या शतकातील इंग्रज आरमाराची मर्यादा जहाजांच्या संख्येपेक्षा राज्याच्या पतीने ठरत होती. पैसा वेळेवर न मिळाल्यास शिधा निकृष्ट होई, वेतन थके, स्वखुशीने येणारे घटत आणि सक्ती वाढे. शतकाच्या अखेरीस या साखळीवर उपाय शोधले गेले. १६९४ मध्ये बँक ऑफ इंग्लंडची स्थापना होऊन शासनाच्या कर्जास स्थैर्य आले. त्याच वर्षी ग्रिनिच येथील खलाशांच्या रुग्णालयास सनद मिळाली. १६९६ च्या कायद्याने खलाशांची ऐच्छिक नोंदणी सुरू झाली. नोंदणी केलेल्यास वार्षिक २ पौंड देण्याचे ठरले. परंतु ही योजना १७१० मध्ये गुंडाळावी लागली आणि सक्तीची भरती पुढे शतकभराहून अधिक काळ चालू राहिली. राज्याने धनकोंचा विश्वास संपादन केला; ज्यांच्या श्रमावर आरमार उभे होते, त्या खलाशांशी मात्र तसा प्रामाणिक व्यवहार त्याने दीर्घकाळ केला नाही. आरमारी सामर्थ्याचे मूल्यमापन करताना ही बाजू दुर्लक्षून चालणार नाही.