ॲस्बेस्टॉसचे पत्रे उतरविताना

शाळेवरील ॲस्बेस्टॉस-सिमेंटचा पत्रा फुटला की डोळ्यांना न दिसणारे तंतू हवेत मिसळतात. त्यांमुळे होणारा कर्करोग कित्येक वर्षांनी प्रकट होतो. म्हणून पत्रे मंद फवाऱ्याने भिजवून, घणाने न फोडता, बोल्ट सोडवून अखंड उतरवावेत. तोंडावर रुमाल बांधणे व्यर्थ होय. ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडविणारी गाळणी असलेला, चेहऱ्यास घट्ट बसणारा मुखवटाच हवा. धूळ ओढणाऱ्या व्हॅक्यूम यंत्रासही तशीच गाळणी लागते. साध्या यंत्रातून तंतू पुन्हा बाहेर पडतात, आणि झाडू तर नकोच. अंगरखा एकदाच वापरून तुकड्यांसह जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करावा. घरी धुण्यास नेल्यास तंतू मुलाबाळांपर्यंत पोचतात. दुरुस्तीच्या अंदाजपत्रकात मजुरी धरली जाते, ही साधने मात्र बहुधा राहून जातात.