ब्राउनिंगच्या पिस्तुलाची सफाई
जॉन ब्राउनिंगने आरंभिलेले आणि त्याच्या निधनानंतर द्यूदोने सेव्हने पूर्णत्वास नेलेले, १९३५ साली बेल्जियममध्ये अवतरलेले ‘हाय-पॉवर’ पिस्तूल सफाईसाठी उकलताना, प्रथम मॅगझीन काढून व स्लाइड मागे ओढून नळीचा कक्ष रिकामा असल्याची नजरेने आणि बोटाने खातरजमा करणे हा शिरस्ता होय. मुरलेल्या जमादारासही त्यातून माफी नाही. मग सेफ्टीच्या खटक्याने स्लाइड मागेच अडकवून तिची आडवी खीळ उजवीकडून दाबून डावीकडे काढली आणि खटका सोडवला, की स्लाइड पुढे सरकून सांगाड्यावेगळी होते व तिच्या पोटातून स्प्रिंग आणि नळी निघतात. नळीतील दारूची काजळी ब्रशाने मागच्या बाजूनेच काढावी, म्हणजे मुखाची नाजूक कड झिजत नाही. तेलाच्या बाबतीत मात्र पुष्कळांचा हात उगाच सैल सुटतो, आणि त्या अतिरिक्त तेलावर धूळच साचते.