लीआँचे जुने नगर
लीआँचे जुने नगर : (व्ह्ये लीआँ). फ्रान्समधील लीआँ शहराचा मध्ययुगीन व प्रबोधनकालीन भाग. तो सोन नदीच्या पश्चिम तीरावर, फूर्व्ह्येर टेकडीच्या पायथ्याशी चिंचोळ्या पट्ट्यात वसलेला असून उत्तरेकडून दक्षिणेकडे साँ-पॉल, साँ-झां व साँ-झॉर्झ अशा त्याच्या तीन पेठा आहेत. टेकडीवर इ. स. पू. ४३ मध्ये ल्यूशस म्युनेशिअस प्लँकस या रोमन सेनानीने लुग्डूनम ही वसाहत स्थापिली. तेथील प्राचीन नाट्यगृहाचे अवशेष अद्यापि पाहावयास मिळतात. मध्ययुगात वस्ती नदीकाठी एकवटली. पंधराव्या शतकातील जत्रांमुळे इटालियन व्यापारी व सराफ येथे आले आणि त्यांनी प्रशस्त वाडे बांधले. १५३६ मध्ये पहिल्या फ्रान्सिस राजाच्या सनदेने रेशीम विणकामास चालना मिळाली.

हा भाग पायीच पाहण्याजोगा आहे. प्रमुख रस्ते नदीला समांतर असून त्यांना छेदणाऱ्या गल्ल्या थोड्या आहेत. ही उणीव ‘त्राबूल’ नावाचे बोळ भरून काढतात. रस्त्यावरील साध्या दरवाजातून आत शिरल्यावर कमानदार छताची वाट लागते. पुढे उघडा चौक, मनोऱ्यातील चक्राकार जिना व मजल्यांवरील सज्जे दिसतात आणि अखेरीस पादचारी मागील रस्त्यावर बाहेर पडतो. साँ-झां व बफ या दोन मार्गांना जोडणारा बोळ येथील सर्वांत लांब असून तो चार चौकांतून जातो. रेशमी कापड पावसात भिजू नये म्हणून हे बोळ बांधले गेले, असा समज रूढ आहे. तथापि एकोणिसाव्या शतकातील विणकरांची मुख्य वस्ती सोनपलीकडील क्र्वा-रूस टेकडीवर होती. जुन्या नगरातील बोळ मूलतः दाटीवाटीने बांधलेल्या घरांच्या रचनेतूनच निर्माण झाले.

साँ-झां कॅथीड्रलचे बांधकाम बाराव्या शतकात सुरू होऊन पंधराव्या शतकात पूर्ण झाले. त्यामुळे त्याच्या पूर्वभागात रोमनेस्क, तर पश्चिमेकडे गॉथिक शैली आढळते. आतील खगोलीय घड्याळाचे मूळ चौदाव्या शतकातील आहे. झ्वीव्हरी मार्गावरील एका वाड्याच्या चौकातील सज्जा वास्तुकार फीलीबेर दलॉर्म याने १५३६ मध्ये रचला.

विसाव्या शतकाच्या मध्यास ही वस्ती ओलसर, अंधारी व मोडकळीस आलेली होती. तीमधून रुंद रस्ता काढण्याची योजना पुढे येताच, जुन्या नगराच्या रक्षणासाठी १९४६ मध्ये स्थापन झालेल्या नागरिकांच्या संस्थेने तीस विरोध केला. संस्कृतिमंत्री आंद्रे मालरो यांच्या पुढाकाराने १९६२ मध्ये ऐतिहासिक वस्त्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला आणि १९६४ मध्ये हा भाग त्याखालील फ्रान्समधील पहिले संरक्षित क्षेत्र ठरला. १९९८ मध्ये यूनेस्कोने लीआँच्या ऐतिहासिक भागाचा जागतिक वारसास्थळांत समावेश केला.

बोळांची मालकी मात्र बव्हंशी खाजगी असून भोवतालच्या घरांत लोक राहतात. काही ठिकाणी मालक व नगरपालिका यांच्यात करार झाले आहेत. त्यांनुसार देखभालीत नगरपालिकेचे साहाय्य मिळते व रहिवासी दिवसा वाट खुली ठेवतात. येणाऱ्याजाणाऱ्यांनी शांतता पाळावी, अशी अपेक्षा असते. जतन झालेली ही वस्ती अशा रीतीने केवळ वास्तुसंग्रह न राहता नांदते नगर राहिली आहे.