टेनिसमधील ‘अडथळा’: गुण कधी जातो, कधी पुन्हा खेळला जातो?

11 सप्टेंबर 2011. अमेरिकन ओपन टेनिस स्पर्धेत महिला एकेरीची अंतिम लढत सुरू होती. पहिला सेट गमावलेल्या सेरेना विल्यम्सने दुसऱ्या सेटच्या पहिल्याच गेममध्ये जोरकस फोरहँड लगावला आणि गुण मिळाल्याच्या आनंदात ‘कम ऑन’ अशी आरोळी ठोकली. मात्र चेंडू अजून खेळात होता. समंथा स्टोसूरची रॅकेट त्यानंतर त्याला लागली. पंच इव्हा आस्देराकी यांनी तो गुण स्टोसूरला बहाल केला आणि त्यासोबत गेमही गेला. सेरेनाने पंचांशी वाद घातला, पण निर्णय बदलला नाही. स्टोसूरने लढत 6-2, 6-3 अशी जिंकली.

हा निर्णय ‘हिंड्रन्स’ म्हणजे अडथळ्याच्या नियमानुसार होता. प्रतिस्पर्ध्याच्या जाणीवपूर्वक कृतीमुळे खेळात अडथळा आला, तर गुण अडथळा झालेल्या खेळाडूला मिळतो. कृती अनवधानाने घडली असेल किंवा कारण खेळाडूच्या नियंत्रणाबाहेरचे असेल, तर गुण पुन्हा खेळवला जातो. येथे ‘जाणीवपूर्वक’ या शब्दाचा अर्थ नीट समजून घ्यावा लागतो. व्यत्यय आणण्याचा हेतू असलाच पाहिजे असे नाही. कृती स्वतःहून केलेली असणे पुरेसे आहे. सेरेनाची आरोळी याच व्याख्येत बसली. याउलट, खेळताना डोक्यावरील टोपी प्रथमच गळून पडली, तर ते अनवधान मानले जाते.

उडता पक्षी चेंडूला आडवा आला, तर गुण पुन्हा खेळावा लागतो. परंतु गुण सुरू होण्यापूर्वीच आपल्या बाजूला पडलेल्या चेंडूवर पाय पडला, तर तक्रार करता येत नाही. तो आधीच उचलायला हवा होता. प्रतिस्पर्ध्याला अडथळा झाला असावा, असे स्वतःच ठरवून खेळ थांबवणारा खेळाडूही गुण गमावतो.

पेडणे, डिचोलीसारख्या तालुक्यांत हौशी खेळाडू खेळतात तेव्हा बहुधा खुर्चीत पंच नसतो. अशा वेळी शेजारच्या मैदानातून फुटबॉल आत घरंगळला, तर तत्क्षणी ‘लेट’ म्हणून थांबावे. फटका मारून पाहायचा आणि तो चुकल्यावर अडथळ्याचे कारण पुढे करायचे, ही पळवाट खेळाच्या संकेतांत बसत नाही. दुहेरीत चेंडू प्रतिस्पर्ध्याकडे जात असताना जोडीदाराशी मोठ्याने बोलणेही टाळावे. पंच नसलेल्या कोर्टवर नियम पाळण्याची जबाबदारी दोन्ही बाजूंच्या खेळाडूंवरच असते.