म्हातारी मनी ट्रेबाहेर शू का करू लागते?

मांजर किती स्वच्छ प्राणी आहे हे ज्यांच्या घरी मांजर आहे त्यांना वेगळे सांगायला नकोच. पिल्लाला वाळूचे घमेले दाखवायचा अवकाश, ते आपणहून उकरते, काम उरकते आणि वर वाळू ओढून मोकळे होते! आपल्या घरच्या मांजरांचे पूर्वज आफ्रिका आणि पश्चिम आशियातल्या कोरड्या मुलखातली रानमांजरे. वाळूत पुरण्याची सवय त्यांच्या रक्तातच आहे. थोड्या पाण्यावर भागवायचे आणि घट्ट, उग्र वासाची लघवी करायची, हेही तिकडचेच. म्हणून तर चार थेंब सांडले तरी वास घरभर होतो.

आता अशी ही दहा-बारा वर्षे शहाण्यासारखी वागलेली मनी एके दिवशी पायपुसण्यावर शू करते. दुसऱ्या दिवशी बाथरूमच्या कोपऱ्यात, तिसऱ्या दिवशी चक्क घडी करून ठेवलेल्या चादरींवर! मग घरात बोलणी सुरू होतात. "लाडावून ठेवलीय नुसती." "मुद्दाम करते, परवा रागावलो ना, त्याचा सूड!" आणि शेवटी कुणीतरी म्हणतेच, "पोत्यात घाला आणि मंडईत सोडून या."

अहो, म्हातारे मांजर बाहेर कसे जगणार? तरण्या बोक्यांपुढे आणि कुत्र्यांपुढे ते चार दिवस टिकत नाही. उपासमार होईल अशा स्थितीत पाळलेले जनावर सोडून देणे हा १९६० च्या प्राणी-क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हाही आहे. पण कायद्याचे सोडा. मांजर सूड म्हणून शू करीत नाही. उतारवयात जुनी सवय एकाएकी मोडते, तेव्हा त्यामागे बहुतेक वेळा काहीतरी दुखणे असते. मांजर दुखणे लपवण्यात मोठे पटाईत. कण्हत नाही, कुंथत नाही. हा ट्रेबाहेरचा ओला डाग हीच पुष्कळदा त्याची पहिली तक्रार असते. तेव्हा रागवायचे नाही, आधी डॉक्टरांकडे जायचे.

पाण्याचे भांडे रिकामे होते का?

अकरा-बारा वर्षांचे मांजर म्हणजे आपल्याकडची साठी आली म्हणा ना! या वयात मूत्रपिंडे थकू लागतात. लघवी घट्ट होईनाशी होते, मांजर पाणी जास्त पिते आणि ट्रे दुपारपर्यंतच भिजून जातो. ओल्या ट्रेमध्ये पाय ठेवायला ते तयार नसते. चार किलोच्या मांजराला दिवसाला, खाण्यातले धरून, साधारण २०० मिलिलिटर पाणी पुरते. ते ४०० च्या पुढे जात असेल तर काहीतरी बिघडले आहे हे नक्की. चार-पाच दिवस भांड्यात मोजून पाणी ओता आणि उरलेले मोजा. हा हिशेब डॉक्टरांच्या फार उपयोगी पडतो.

जास्त पाणी पिण्यामागे मधुमेहही असू शकतो. मांजर खाते चांगले, पण वाळत जाते. शूच्या जागी मुंग्या लागल्या तर साखरेची शंका घ्यायला हरकत नाही. थायरॉईड वाढले तरी मांजर खा-खा करते, अस्वस्थ होते, आणि पाठीचा कणा हाताला लागू लागतो. तिन्हींची लक्षणे एकमेकींत मिसळलेली, त्यामुळे घरी बसून अंदाज करण्यात अर्थ नाही. रक्ताची व लघवीची तपासणी आणि रक्तदाब, एवढे करून घ्यावे. मूत्रपिंडांचे काम सुमारे तीन-चतुर्थांश थांबेपर्यंत रक्तातले क्रिएटिनिन वाढलेले दिसत नाही. म्हणून दहा वर्षांपुढच्या मांजराची तपासणी दर सहा महिन्यांनी करावी हे बरे.

आमच्या शेजारच्या काकूंची तेरा वर्षांची मांजरी देवघरापुढच्या चटईवर शू करू लागली तेव्हा घरात केवढा गहजब झाला होता! तपासणीत मूत्रपिंडांचा आजार निघाला. आता खाणे बदलले आहे, औषध चालू आहे, ट्रे दिवसातून तीनदा साफ होतो. आजार गेलेला नाही, पण चटई कोरडी आहे आणि मांजरी काकूंच्या मांडीवर आहे.

आग होते, कळ येते

मूत्राशयाला सूज आली, खडा झाला किंवा जंतुसंसर्ग झाला, की शू करताना आग होते. मांजराला वाटते, हा ट्रेच आपल्याला दुखवतो! मग ते गार फरशी, मोरी, मऊ गादी अशा जागा शोधते. थेंब-थेंब शू, तीत रक्ताची छटा, सारखे चाटणे या त्याच्या खुणा.

इथे एक गोष्ट अगदी लक्षात ठेवा. बोका पुन्हा पुन्हा ट्रेमध्ये बसतो, ओरडतो आणि एक थेंबही येत नाही, असे दिसले तर सकाळची वाट बघू नका. त्याची मूत्रनलिका अरुंद असते, ती तुंबली तर एक-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो. शौचाला होत नसेल असे समजून एरंडेल पाजत बसू नका. तडक दवाखाना गाठा.

सांधे धरले

२००२ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत बारा वर्षांवरच्या १०० मांजरांचे एक्स-रे पाहिले, तर ९० मांजरांच्या सांध्यांत झीज दिसली. आता सांगा, सांधे धरलेल्या मांजराने उंच काठाच्या ट्रेमध्ये उडी मारायची कशी? आपली मनी हल्ली कपाटावर चढत नाही, ओट्यावर उडी मारत नाही, पाठीचे केस विंचरल्यासारखे नीट राहत नाहीत, असे असेल तर समजा की तिला दुखते आहे. म्हणून घरातली पॅरासिटामॉलची गोळी मात्र चुकूनही देऊ नका हं! आपली डोकेदुखीची एक गोळी मांजराचा जीव घेते. आयबुप्रोफेनही तसेच. दुखण्यावर मांजरासाठी वेगळी औषधे आहेत, ती डॉक्टरच देतील.

काही मांजरांना म्हातारपणी आपल्या आजी-आजोबांसारखे विस्मरण होते. रात्री-अपरात्री ओरडतात, कोपऱ्यात जाऊन उभी राहतात, ट्रेची जागा विसरतात. रक्तदाब वाढून एकाएकी दिसेनासेही होते. भरदुपारी बाहुल्या मोठ्याच राहिल्या, मांजर भिंतीला धडकू लागले, तर त्याच दिवशी दाखवा.

ट्रेकडेही बघा

औषधपाणी चालू असतानाच घरात थोडा बदल करावा:

- ट्रे पसरट हवा, मांजराच्या लांबीच्या दीडपट. एका बाजूचा काठ कापून ७-८ सेंटिमीटरवर आणा आणि कापलेली कड घासून गुळगुळीत करा.
- मांजरे जितकी, त्याहून एक ट्रे जास्त. एका मांजराला दोन. घर मोठे किंवा दुमजली असेल तर प्रत्येक मजल्यावर एक.
- वाळू किंवा दुकानातले लिटर बारीक, बिनवासाचे घ्या. ढेकळे दिवसातून निदान दोनदा काढा.
- ट्रे वॉशिंग मशीनजवळ किंवा खाण्याच्या भांड्याशेजारी नको. रात्री तिथे लहान दिवा असू द्या.
- घरात पाहुणे, रंगकाम, नवे पिल्लू असे काही असेल तर ट्रे हलवू नका. म्हाताऱ्या जिवाला बदल सोसत नाही.

एक फरकही ओळखा. उभ्याने, शेपूट थरथरवत भिंतीवर किंवा पडद्यावर फवारा मारणे म्हणजे हद्द आखणे. हे बहुधा नसबंदी न केलेल्या बोक्याचे काम. खाली बसून जमिनीवर केलेली शू वेगळी. डॉक्टरांना यातले काय पाहिले ते सांगा. मोबाईलवर चित्रफीत काढून नेलीत तर उत्तमच.

वास घालवायचा कसा?

आपला हात पहिला फिनेलच्या बाटलीकडे जातो. मांजराच्या घरात ते नकोच! फिनेलमधली फिनॉलसारखी द्रव्ये मांजराच्या यकृताला पचत नाहीत. ते ओल्या फरशीवरून चालते, मग पाय चाटते, आणि विष पोटात जाते. ब्लीचही लघवीवर ओतू नये, त्यातून घातक वायू सुटतो.

आधी जुन्या कपड्याने टिपून घ्या, चोळू नका. मग गार पाण्याने धुवा. गरम पाण्याने वास कापडात बसतो. लघवीतले यूरिक आम्लाचे खडे नुसत्या पाण्याने विरघळत नाहीत, म्हणून एन्झाइमयुक्त क्लीनर वापरावा. पाळीव प्राण्यांच्या दुकानात मिळतो. तो शिंपडून दहा-पंधरा मिनिटे तरी मुरू द्यावा. गादी-चादरीला शेवटी कडक ऊन दाखवावे. वास राहिला तर मनी पुन्हा तिथेच जाणार, हे ठरलेले.

मांजर दाखवायला कुठे न्यायचे, असे पुष्कळ जणी विचारतात. तालुक्याच्या गावी सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना असतो, मुंबईत परळला १८८६ सालापासूनचे पशुवैद्यकीय महाविद्यालय आणि त्याला जोडलेले रुग्णालय आहे, आणि शहरांतून खासगी डॉक्टरही आहेत. वेताच्या टोपलीत जुनी साडी अंथरून, वरून नीट बांधून न्यावे. जाताना एवढे टिपून न्या: पाणी किती पिते, शू किती वेळा आणि कुठे करते, वजन किती उतरले, कधीपासून.

नाक खुपसून ओरडणे, चापट मारणे यांनी काही साधत नाही. मांजर घाबरते आणि पलंगाखाली लपून शू करू लागते, एवढेच. तेव्हा उद्या सकाळी चादर ओली सापडली, तर आधी चादर भिजत घाला आणि मग डॉक्टरांना फोन करा.